खडा पाहिला का कुणी?

मराठी भाषेने शरीरातल्या बहुतेक अवयवांची चांगली सोय लावून दिली आहे. काळीज तुटते, काळजाचे पाणी होते, आतडे पिळवटते, पोटात कालवते, आणि शेजाऱ्याचे बरे झाले की तेच पोट दुखतेही. पित्त खवळते, छाती फुगते, डोके फिरते. बावीस वर्षे मराठी शिकवताना मी वाक्प्रचारांचे शेकडो तक्ते फळ्यावर मांडले असतील. पण त्यात मूत्रपिंडाला जागा द्यायची वेळ कधी आली नाही. हिंदीवाल्यांनी निदान ‘दिल-गुर्दा’ म्हणून त्याची धैर्याशी सांगड तरी घातली. आपण मात्र या बिचाऱ्याला एक म्हणदेखील दिली नाही.

आणि तो मागायलाही आला नाही. हीच तर त्याची खोड आहे. कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला, फासळ्यांच्या आडोशाला मुठीएवढी दोन पिंडे बसलेली असतात. दिवसाकाठी ती साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात, त्यातले जवळजवळ सगळे पुन्हा रक्ताला परत करतात आणि दीड-दोन लिटर तेवढे बाहेर टाकतात. घरात एखादी विधवा आत्या असते पाहा, पहाटेपासून राबते आणि पंगतीला कधी दिसत नाही. तसे हे अवयव. पोट दोन घास जास्त झाले तरी आरडाओरडा करते. मूत्रपिंड निम्मे निकामी झाले तरी पुष्कळदा चकार शब्द काढत नाही.

त्यातून या भागाचे शब्दही असे, की चारचौघांत उच्चारायची पंचाईत. वैद्यकाच्या मराठी पुस्तकात ‘मूत्राश्मरी’ लिहिले म्हणून कुणी तसे बोलत नाही. बोलतात ‘मुतखडा’, आणि तोही घरातल्या सुनेसमोर नाही. ‘उन्हाळी लागली’ हा आपल्या बायकांनी शोधून काढलेला त्यातल्या त्यात सोज्ज्वळ शब्द. बाकी सगळा कारभार खुणांचा. त्यामुळे न बोलणारा अवयव आणि न बोलणारा माणूस अशी जोडी जमते, आणि मग काय होते ते मी गेल्या वर्षी माझ्या मामांच्या बाबतीत फार जवळून पाहिले.

माझे आजोळ सुलतानपूरचे. बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. मामा आता सत्तरीला टेकले आहेत. सोयाबीन, तूर आणि एक विहीर एवढा त्यांचा संसार. आमच्याकडे मामाने भाचीच्या पाया पडण्याची रीत आहे. चाळिशी ओलांडलेल्या भाचीच्याही ते वाकून पाया पडतात, आणि मला दर वेळी कानकोंडे होते. अशा माणसाने ‘लघवीला त्रास होतो’ हे भाचीला कोणत्या तोंडाने सांगावे?

पोळ्याच्या सुमाराला त्यांच्या डाव्या कुशीत कळ उठली. ती जांघेपर्यंत उतरली. मामी सांगत होत्या, की रात्रभर ते जमिनीवर गडबडा लोळत होते आणि दोनदा उलटी झाली. ज्याने ही कळ सोसली आहे त्याला वर्णन नको, आणि ज्याने सोसली नाही त्याला ते सांगून कळायचे नाही. मग गावचे उपाय सुरू झाले. कुळथाचे कढण झाले, मक्याच्या कणसाचे केस उकळून झाले, पानफुटीची पाने चावून झाली. चौथ्या दिवशी दुखणे थांबले. मामांनी जाहीर केले, “खडा पडला.” आणि बैलांकडे गेले.

दसऱ्याला मी गेले तेव्हा ते हसतखेळत होते. गावात कधीतरी तपासणीचे शिबिर झाले होते, तिथला रक्ताचा कागद त्यांनी मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे धरला. क्रिएटिनीन १.१. “पाय बाई, सारं बराबर हाये. आता मले काई होत नाई.” कागद खरोखरच निर्दोष होता. पण मामी स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, “डाव्या अंगाला जड जड वाटते म्हनतात. रातच्याला कधी कधी अंग कोमट लागते.” माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे. तिला मी ओसरीवरूनच फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. “खडा पडला म्हणतात, पण पडलेला खडा पाहिला का कुणी?”

कुणीच पाहिला नव्हता. मामांच्या दृष्टीने दुखणे थांबले हाच खडा पडल्याचा पुरावा होता. मैत्रिणीने मग जे सांगितले त्याने माझ्या पोटात गोळा आला. मूत्रवाहिनीत खडा अडकला की वरचे मूत्रपिंड तुंबते, त्याचा दाब वाढतो आणि कळ येते. पण वाट तशीच बंद राहिली तर मूत्रपिंड हळूहळू गाळण्याचे कामच कमी करते. काम कमी झाले की दाब उतरतो, दाब उतरला की दुखणे उतरते. माणूस म्हणतो बरे वाटले, आणि आत एक मूत्रपिंड मुकाट्याने मरत असते. रक्ताच्या कागदावर ते उमटत नाही, कारण दुसरे मूत्रपिंड दोघांचे काम एकटे रेटते. “काही आठवडे गेले असतील तर आणखी आठवडा घालवू नका. उद्याच सोनोग्राफी करा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेहकरला गेलो. आता, नुसते मूत्रपिंड पाहायचे तर पाणी पिऊन जायची फारशी गरज नसते. पण मूत्राशय, पौरुषग्रंथी आणि मूत्रवाहिनीचे खालचे टोक पाहायचे तर मूत्राशय भरलेले हवे. तासभर आधी चार-पाच पेले पाणी प्यायचे आणि मग लघवीला जायचे नाही. हे फर्मान ज्याने काढले त्याने एसटीचा प्रवास आणि दवाखान्यातले नंबर हे दोन्ही हिशेबात धरलेले दिसत नाहीत. आमचा नंबर अकरावा होता. मामांनी भिंतीवरचे कॅलेंडर तीनदा वाचले. आतले दार करकरले की ते अर्धे उठत आणि दुसऱ्याचे नाव ऐकून पुन्हा बसत. शेजारी एक गृहस्थ डोळे मिटून नामस्मरण करीत होते. ते भक्तीपोटी की मूत्राशयापोटी, हे सांगता आले नसते. ज्या विषयावर घरात कुणी बोलत नाही, तो विषय या बाकावर मात्र सर्वांच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता.

शेवटी मामा आत गेले आणि त्यांच्या आग्रहावरून मीही गेले. डॉक्टरांनी पोटावर गार जेल चोपडले. ते का, याचे मला नेहमी कुतूहल वाटे. तर, ध्वनी हवेतून अंगात शिरायला तयार नसतो. त्वचा आणि यंत्र यांच्यामध्ये हवेचा पातळ पापुद्रा जरी राहिला तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच माघारी फिरतो. म्हणून मध्ये जेल. हा ध्वनीही आपल्या कानांचा नव्हे. आपल्याला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. पोट तपासणारे यंत्र ३०-३५ लाख कंपनांचा आवाज आत सोडते. मऊ मांसातून तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, आणि जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथून त्याचा थोडा थोडा प्रतिध्वनी परततो. चार बोटे आत असलेल्या भागाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाहजाराव्या हिश्शाच्या आसपास हजर होतो. कोणता प्रतिध्वनी किती वेळाने आला आणि किती जोराने आला, एवढ्यावरून यंत्र चित्र काढते.

तसे पाहिले तर यात नवे काही नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात माठ घेताना आपल्या आया-आज्या काय करीत? बोटाने टिचकी मारून कान लावीत. बद्द वाजला की तडा आहे, खणखणीत वाजला की घ्यायचा. गंमत म्हणजे सोनोग्राफीचा जन्मही असाच माठ वाजवण्यातून झाला. धातूच्या जाड पत्र्यात आत तडा आहे का, हे ध्वनीने तपासायची यंत्रे कारखान्यांतून होती. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून एका बॉयलरच्या कारखान्यात घेऊन गेले आणि तिथल्या यंत्राने त्यांनी त्या तपासून पाहिल्या. १९५८ साली त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिकडे अमेरिकेत डेन्व्हरला डग्लस हाउरी आणि जोसेफ होम्स यांनी त्याच सुमारास जो खटाटोप केला तो तर ऐकण्यासारखा आहे. त्यांनी बी-२९ या बॉम्बफेकी विमानाच्या तोफेचे कडे मिळवले, त्याचा पाण्याचा हौद केला आणि त्यात रोग्याला बसवून भोवती यंत्र फिरवले! यांतले होम्स हे मूत्रपिंडाच्या विकारांचे डॉक्टर. हौदाच्या जागी आज बोटभर जेल आले आहे, ही मामांवर केवढी मेहेरबानी.

पडद्यावर आधी उजवी बाजू आली. यकृताच्या खिडकीतून उजवे मूत्रपिंड छान दिसते. घेवड्याच्या दाण्यासारखा आकार, कडेला करडा, मध्ये पांढुरका. लांबी दहा सेंटिमीटर. मोठ्या माणसात नऊ ते बारा असते, म्हणजे ठीक. मग मामांना कुशीवर वळवले. डाव्या बाजूला मधल्या पांढुरक्या भागाच्या जागी काळी डबकी दिसत होती, एकमेकांना जोडलेली. सोनोग्राफीच्या भाषेत पाणी काळे असते, कारण पाण्यातून प्रतिध्वनी येत नाही. तुंबलेले मूत्रपिंड ते हे. भोवतीची करडी कडा उजवीपेक्षा पातळ झाली होती. डॉक्टरांनी माप घेतले, पुन्हा घेतले, आणि काही बोलले नाहीत. डॉक्टर बोलेनासे झाले की जवळच्या माणसाला श्वास जड होतो.

मग यंत्र ओटीपोटावर आले. भरलेले मूत्राशय पडद्यावर काळेभोर, गोल. मला तर एकदम लोणारचे विवर वरून पाहावे तसे वाटले. दीड तासाच्या त्या छळाचा उपयोग आता कळला. मधली मूत्रवाहिनी आतड्यातल्या वायूमुळे सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. वायू म्हणजे पुन्हा हवा. पण भरलेल्या मूत्राशयातून पाहिले की तिचे शेवटचे टोक दिसते. तिथे, अगदी मूत्राशयाच्या दाराशी, एक पांढरा ठिपका होता आणि त्याच्या मागे काळी सावली. दगडातून ध्वनी पलीकडे जात नाही, म्हणून त्याची सावली पडते. नऊ मिलिमीटर. दीड महिन्यापूर्वी ‘पडलेला’ खडा तो हा.

त्यानंतर डॉक्टरांनी रंगाचे बटण दाबले आणि म्हणाले, “आता जरा थांबा आणि पाहा.” निरोगी माणसात दोन्ही मूत्रवाहिन्या थोड्या थोड्या वेळाने मूत्राशयात लघवीची चिळकांडी सोडतात, आणि रंगीत डॉपलरवर ती ज्योतीसारखी दिसते. आम्ही पाहत राहिलो. उजवीकडून एक लाल ज्योत उसळली. थोड्या वेळाने आणखी एक. डावीकडे अंधार. पुन्हा उजवीकडे. पाच-सात मिनिटे आम्ही तिघे त्या अंधाराकडे टक लावून बसलो होतो. डावीकडे काहीच आले नाही.

अहवाल अर्थात इंग्रजीत होता. डाव्या मूत्रपिंडाला ‘हायड्रोनेफ्रोसिस’, मध्यम स्वरूपाचा. मामांना मी सांगितले, की ग्रीक भाषेत हायडॉर म्हणजे पाणी आणि नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड. पण ही व्युत्पत्ती त्यांना लागली नाही. मग त्यांनीच मला समजावले. “म्हंजे विहिरीवर मोटार चालू अन् पुढं पाइप तुंबला. मोटार जळनारच की.” इतका चांगला अर्थ माझ्या कोशात मला सापडला नसता. पौरुषग्रंथी वयाला शोभेल इतपत वाढली होती, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात राहिलेले पाणी मोजले तर तेही बेताचेच होते. म्हणजे भांडण सगळे त्या एका खड्याशी होते.

पुढचे थोडक्यात सांगते. मामांना मी माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरला आणले. चार दिवसांत मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून लेसरने खडा फोडला आणि वाट उघडी राहावी म्हणून काही आठवडे आत नळी ठेवली. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली. काळी डबकी जवळजवळ आटली होती आणि डावीकडची ज्योत पुन्हा उसळत होती. पण ते मूत्रपिंड आता नऊ सेंटिमीटरहून किंचित कमी भरले आणि त्याची कडा पातळच राहिली. दीड महिन्यात जे गेले ते गेले.

हे वाचून कुणी सोनोग्राफीला देव्हाऱ्यात बसवू नये. ती आकार सांगते. काम सांगत नाही. मधुमेह्याचे मूत्रपिंड वर्षानुवर्षे पोखरत असते आणि सोनोग्राफीत ते छान भरदार दिसते. तिथे रक्तातले क्रिएटिनीन आणि लघवीतले प्रथिन पाहावे लागते. मामांचे उलटे झाले होते, रक्त चांगले आणि चित्र वाईट. लहानसा खडा सोनोग्राफीच्या नजरेतून निसटतोही. शंका राहिली तर सीटी स्कॅन करावा लागतो. शहरात ‘सगळ्या तपासण्यांचे पॅकेज’ करून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ हा शब्द ताबिजासारखा खिशात घालून हिंडणारे पुष्कळ लोक माझ्या ओळखीचे आहेत. उलट ‘छोटेसे सिस्ट’ एवढे वाचून झोप उडालेलेही आहेत. पन्नाशीनंतर मूत्रपिंडात पाण्याचा साधा फुगा सापडणे ही केस पिकण्यासारखी गोष्ट असते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाण पट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. (लोणारचे सरोवर खारे आहे म्हणून पुष्कळ लोक या दोहोंची गल्लत करतात. ते उल्केने झालेले विवर, त्याचे गणित वेगळे.) या पट्ट्यातल्या किडनीच्या रोग्यांविषयी गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांतून येत आहे. अशा दीर्घ आजारात अखेरीला सोनोग्राफी जे चित्र दाखवते ते तुंबलेल्या मूत्रपिंडाचे नसते. दोन्ही पिंडे आक्रसलेली, आणि कडा व गाभा यांतला फरक पुसून गेलेली असतात. तिथे फोडायला खडा नसतो आणि उघडायला वाटही नसते. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसचे यंत्र तेवढे उरते. मामांचे चित्र पाहून मला धक्का बसला होता, पण त्या चित्रांच्या शेजारी ते ठेवले तर मामा नशीबवान म्हणायचे.

मेहकरच्या त्या बाकावर बसले असताना समोर जी पाटी होती तिच्याविषयी सांगायचे राहिले. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो गुन्हा आहे, अशा अर्थाची ही पाटी सोनोग्राफीच्या प्रत्येक केंद्रात असते. मामांनी ती वाचून विचारले, “किडनी पायाच्या जागी हे कायले लिवलं?” कारण यंत्र एकच आहे, मामा. अठरा वर्षांपूर्वी मीही अशाच यंत्राखाली झोपले होते, आणि बाहेर आल्यावर सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले होते, “डॉक्टर काय म्हणाले, पेढे की बर्फी?” पेढे म्हणजे मुलगा. या दोन मिठायांची नावे त्या अर्थाने मी पहिल्यांदा तेव्हा ऐकली, आणि दिवाळीच्या फराळाच्या ताटातही ती मला अजून टोचतात.

महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांच्या आधी याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली कडक झाला. आता प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, मग त्याने मूत्रपिंडच का पाहिनात. हातात मावतील अशी यंत्रे केव्हाच निघाली आहेत. पण ती पिशवीत घालून आपल्याकडे गावोगाव हिंडता येत नाही, कारण ती पिशवी कुठे उघडेल याचा भरवसा कुणाला देता येत नाही. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या. सुलतानपूरहून त्याच रस्त्याने पुढे गेले की सिंदखेडराजा लागते, जिजाऊंचे जन्मगाव. हा आकडा आणि ते गाव एकाच जिल्ह्यातले. कायद्याने यंत्राच्या पायात बेडी घातली ती उगीच नव्हे, ती असायलाच हवी असे माझे मत आहे. पण भरल्या मूत्राशयाने एसटीत बसलेल्या मामांना मी हे कसे सांगणार, की ओसरीवर बसून व्हायची तपासणी त्यांना परगावी जाऊन करावी लागते, ती लोकांनी याच यंत्रातून मुली शोधल्या म्हणून?

सांगितले मात्र. परतीच्या गाडीत सगळे सांगितले. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांना तीन मुलगे, मुलगी नाही. काही बोलले नाहीत, आणि मीही खोदून विचारले नाही.

आता ते दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पितात, मीठ कमी खातात, आणि सहा महिन्यांनी न सांगता सोनोग्राफीला जातात. कुळथाचे कढणही चालू आहे; ते चविष्ट असते, तेव्हा माझी हरकत नाही. मामी फोनवर सांगत होत्या, की लघवीचा विषय आता पारावर उघड निघतो आणि तो मामाच काढतात. गावात कुणाच्या कुशीतली कळ थांबली आणि खडा पडला म्हणून कुणी सांगू लागला, की मामा काठी टेकत त्याच्या दारात जातात आणि हात पुढे करतात.

“दाखव बरं, कुठं हाये?”